कातळापेक्षा जीव जुना: कोकणात उभं राहून पृथ्वीवरच्या जीवसृष्टीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी शाळेतल्या मुलांना आणि गावी आलेल्या पाहुण्यांना सड्यावर, म्हणजे कोकणातल्या खडकाळ पठारावर, आणि खाडीकाठी फिरवतो. दगड दाखवतो, चिखल दाखवतो, ओहोटीला उघडे पडणारे खडक दाखवतो. प्रश्न बहुतेक तेच तेच येतात. तेच इथे लिहून ठेवतो आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ती मला लांबवावीशी वाटली.

कोकणात डायनासोरची हाडं सापडतात का?

मुलांचा पहिला प्रश्न हाच असतो. नाही सापडत. महाराष्ट्रात ती सापडली आहेत ती विदर्भात, उदाहरणार्थ चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला. गुजरातमध्ये खेडा भागात तर अंड्यांची घरटीच्या घरटी मिळाली आहेत. ती हाडं नि अंडी ज्या थरांत आहेत ते नद्या-तळ्यांच्या गाळाचे थर आहेत, आणि ते बहुतेक ठिकाणी लाव्हाच्या खाली दबलेले आहेत.

जीवाश्म व्हायचा तर मेलेला प्राणी गाळात लवकर गाडला जायला हवा. आपल्याकडचा काळा दगड वितळलेल्या रसाचा झालेला आहे. हजार अंशांहून तापलेल्या रसात हाड कुठून टिकणार? त्यावरचा जांभा तर आणखी वेगळा. लाखो पावसाळ्यांनी काळा दगड कुजवून, त्यातलं विरघळणारं सगळं वाहून नेऊन उरलेला तो दगड. हाडातला चुना त्यात राहतच नाही.

म्हणजे कोकणात जीवाश्मच नाहीत?

आहेत, आणि एक तर जगाच्या अभ्यासात नाव असलेला आहे. लाव्हाचे लोट सलग वाहिले नाहीत. एक लोट यायचा, थंड व्हायचा, मग मोठी उसंत. त्या उसंतीत खळग्यांत पाणी साचायचं, तळी व्हायची, झाडं उगवायची, बेडूक ओरडायचे. मग पुढचा लोट येऊन त्या तळ्यावर पसरायचा. उत्तर कोकणात, म्हणजे आजच्या मुंबईत, वरळीच्या टेकडीत अशा एका तळ्याचा गाळ दगड होऊन राहिला होता. त्यात छोट्या बेडकांचे सांगाडे मिळाले. रिचर्ड ओवेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८४७ साली त्यांचं वर्णन केलं. आज त्या बेडकाला इंडोबॅट्रॅकस म्हणतात. त्याच थरांत कासवही मिळालं.

मुंबईतले हे लोट दख्खनच्या लाव्हातले शेवटाकडचे. त्यामुळे हे बेडूक डायनासोर संपल्यानंतरचे मानले जातात. आजूबाजूला ज्वालामुखी धुमसत असताना, एवढं मोठं संकट होऊन गेल्यावर, एका डबक्यात बेडूक पुन्हा अंडी घालत होते. वरळीवरून गाडी जाते तेव्हा मला दर वेळी ते डबकं आठवतं.

दुसरा ठेवा रत्नागिरीच्या आसपास जांभ्याखाली आहे. त्याबद्दल शेवटच्या प्रश्नात सांगतो.

पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं, म्हणजे नक्की किती? डोक्यात बसत नाही.

माझ्याही बसत नव्हतं. मग मी कोकण रेल्वे घेतली. रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर हा मार्ग सुमारे ७४० किलोमीटरचा. रोह्याला पृथ्वी जन्मली आणि ठोकूरला आजचा दिवस उगवला असं धरा. मग एक किलोमीटर म्हणजे साधारण ६१ लाख वर्षं होतात.

रोहा सुटलं. खेड, चिपळूण गेलं तरी खिडकीबाहेर जिवंत असल्याची खात्रीने सांगता येईल अशी खूण नाही. संगमेश्वरच्या आसपास, म्हणजे सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वी, उथळ समुद्रात सूक्ष्म जिवाणूंचे थर दिसू लागतात. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला त्यांनी रचलेले दगड आजही बघायला मिळतात. नंतर रत्नागिरी, राजापूर, कणकवली अशी स्टेशनं येतात आणि जातात, पण खिडकीतून तोच देखावा, जिवाणूंचा बुळबुळीत थर. कुडाळ मागे टाकून गाडी सावंतवाडीकडे निघाली की हवेत प्राणवायू साचू लागतो. गोवा गेलं, कारवार गेलं, तरी डोळ्यांना दिसेल असा प्राणी नाही. कुंदापूरच्या पट्ट्यात, शेवटचे ८८ किलोमीटर उरलेले असताना, कवचाचे, पायांचे, डोळ्यांचे प्राणी समुद्रात एकदम गर्दी करतात. उडुपीनंतर डायनासोर येतात आणि ठोकूर ११ किलोमीटरवर असताना जातात. आपला सह्याद्रीचा काळा दगड त्याच ११ किलोमीटरवर तयार होतो.

आणि आपण, आजच्या रूपातली माणसं? सुमारे तीन लाख वर्षं. म्हणजे शेवटचे ५० मीटर. गाडीचे दोन डबे.

मुलं एवढं ऐकून गप्प होतात. एकदा एका मुलीने विचारलं, "सर, मग मधे एवढा वेळ काहीच झालं नाही?" त्याचं उत्तर पुढचं आहे.

मधल्या त्या अब्जावधी वर्षांत काय चाललं होतं?

आपल्याला श्वास घेता येईल अशी हवा तयार होत होती. पावसाळ्यात सड्यावर काळपट हिरवा थर धरतो, ज्यावरून पाय सटकतो, तो हाताने खरवडून बघा. त्यात निळे-हिरवे जिवाणू असतात. त्यांच्याच पूर्वजांनी सूर्यप्रकाश वापरून अन्न तयार करायची युक्ती साधली आणि टाकाऊ म्हणून प्राणवायू सोडला. आधी तो हवेत टिकलाच नाही. समुद्राच्या पाण्यात विरघळलेलं लोखंड होतं, ते त्याने गंजवलं आणि तो गंज तळाशी थराथराने बसला. गोव्यातलं आणि आपल्याकडे सिंधुदुर्गात रेडीला निघणारं लोहखनिज अशाच पट्टेरी थरांतून आलेलं आहे. ते खडक २५० कोटी वर्षांहून जुने मानले जातात. लोखंड गंजवून झाल्यावर, सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, प्राणवायू हवेत उरू लागला.

म्हणून सिंधुदुर्गातल्या कोणी "आमचा दगडही तुमच्यासारखाच ना?" विचारलं की मी सांगतो, नाही. रायगड, रत्नागिरीचा काळा दगड साडेसहा कोटींचा. तुम्ही दक्षिणेला जाल तसा लाव्हाचा पदर संपत जातो आणि खालचे कितीतरी जुने खडक उघडे पडतात.

त्यानंतर पेशीत पेशी शिरली. एका पेशीने दुसरी गिळली, पण पचवली नाही. दोघी एकत्र राहू लागल्या. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीतली ऊर्जा तयार करणारी भट्टी म्हणजे तशी एकेकाळची स्वतंत्र जिवाणू आहे. चित्रकूटच्या खडकांत १६० कोटी वर्षांपूर्वीच्या, लाल शेवाळासारख्या वनस्पतींचे जीवाश्म मिळाले आहेत. आपल्याच देशात, आणि आपल्याला शाळेत कोणी सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं.

एवढी वर्षं मोजली कशी? अंदाज की खरं?

मोजलेली आहेत. काही मूलद्रव्यं ठरावीक वेगाने बदलतात. युरेनियमचं शिसं होतं आणि युरेनियमचा मुख्य प्रकार निम्मा व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात. एखाद्या स्फटिकात किती युरेनियम उरलं आणि किती शिसं झालं हे मोजलं की त्याचं वय निघतं.

आंबा घाटात किंवा वरंध घाटात गाडी थांबवून कापलेल्या कड्याकडे बघा. काळ्या दगडांच्या थरांमध्ये विटकरी लाल पट्टे दिसतील, काही वीतभर, काही हातभर जाडीचे. दोन लोटांच्या मधल्या उसंतीत तयार झालेली माती ती. वरचा लोट आला तेव्हा ती भाजली गेली. अशा पट्ट्यांत मिळालेल्या, युरेनियम असलेल्या झिर्कॉन या खनिजाच्या सूक्ष्म स्फटिकांवरून दख्खनच्या लाव्हाचं वय ठरवलं गेलं आहे. मी त्या पट्ट्यावर बोट ठेवतो तेव्हा मुलांना सांगतो की ही एके काळी जमीन होती, हिच्यावर पाऊस पडला होता.

डायनासोर आपल्याच ज्वालामुखींनी मारले का?

हा प्रश्न मोठी माणसं विचारतात, आणि थोड्या अभिमानाने विचारतात. उत्तर सावकाश द्यावं लागतं.

दख्खनचा लाव्हा आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. हे एका डोंगराच्या तोंडातून झालं नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि रस त्यांतून बाहेर आला, दुधाला ऊत यावा तसा. मुख्य उद्रेक दहा लाख वर्षांच्या आतच आटोपला, म्हणजे पृथ्वीच्या हिशेबात झटक्यात. त्यातून निघालेल्या वायूंनी हवा आधी गार, मग तापलेली, आणि पाऊस आम्लाचा केला असणार.

पण त्याच सुमारास, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, मेक्सिकोच्या युकातान भागात सुमारे १० किलोमीटर व्यासाचा अशनी आदळला. तिथलं विवर १८० किलोमीटरच्या आसपास रुंद आहे. १९८० साली लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या बाप-लेकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळच्या मातीच्या पातळ थरात इरिडियम नेहमीपेक्षा कितीतरी जास्त असल्याचं दाखवलं. हा धातू पृथ्वीच्या कवचात फार थोडा, अशनींत भरपूर. धुळीने आणि काजळीने सूर्य झाकला गेला, झाडं सुकली, झाडं खाणारे मेले, त्यांना खाणारे मेले. जवळजवळ तीन चतुर्थांश जाती संपल्या.

बहुतेक शास्त्रज्ञ अशनीला मुख्य दोष देतात. आपल्या लाव्हाने आधीच किती दमवलं होतं, आणि नंतर सावरायला किती उशीर लावला, यावर वाद चालू आहे. मला स्वतःला वाटतं की दोन्ही गोष्टी एकत्र आल्या नसत्या तर घाव इतका खोल गेला नसता. याहून मोठा घाव त्याआधी, २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी बसला होता. सैबेरियात असेच लाव्हाचे लोट वाहिले आणि समुद्रातल्या दहापैकी आठांहून अधिक जाती गेल्या. तेव्हा अशनीची गरज पडली नव्हती. म्हणून मी आपल्या काळ्या दगडाला निर्दोष म्हणायला तयार नाही.

देवघरातला शाळिग्राम जीवाश्म असतो हे खरं का?

खरं आहे. एका आजींनी मला त्यांचा शाळिग्राम हातात घेऊ दिला होता, सोवळ्यात नसतानाही. गुळगुळीत काळा गोटा, एका बाजूला थोडा फुटलेला, आणि आत कोरल्यासारखं चक्र. चक्राला बारीक बारीक धारा. तो अमोनाइट होता, माकुळाच्या दूरच्या नात्यातला, कवचात राहणारा समुद्री प्राणी. नेपाळच्या गंडकी नदीत हे गोटे मिळतात. ते सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी आज हिमालय आहे तिथल्या टेथिस समुद्रात राहत होते. भारताचा तुकडा आशियाला जाऊन भिडला, समुद्राचा तळ उचलला गेला, आणि समुद्रातला जीव डोंगरावरच्या नदीत आला. अमोनाइटही डायनासोरांबरोबरच संपले.

आजींना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे देव आमच्या आधीपासून आहे तो आहेच की." मला त्यात भांडण्यासारखं काही दिसलं नाही.

निवटी म्हणजे जमिनीवर आलेला पहिला मासा का?

नाही, पण तिच्याकडे बघून पहिल्यांदा काय झालं असेल ते कळतं. ओहोटीला चिपीच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडाच्या, मुळांजवळ बसा आणि हलू नका. चिखलात भोकं दिसतात. थोड्या वेळाने एका भोकातून डोकं वर येतं, बेडकासारखे फुगीर डोळे. मग ती दोन्ही कल्ल्यांजवळच्या परांवर अंग उचलते, कुबड्या टेकाव्यात तशी, आणि पुढे सरकते. अंग ओलं ठेवते, कारण कातडीतून आणि तोंडातून हवेतला प्राणवायू घेते. मधेच चिखलात लोळून घेते. तुमची सावली पडली की गुडूप.

आपले पूर्वज मात्र दुसऱ्या घराण्यातले. त्यांच्या परांत हाडांचा दांडा होता, तोच पुढे हात-पाय झाला. २००४ साली कॅनडाच्या उत्तर टोकाला टिकटालिक नावाचा जीवाश्म मिळाला, ३७ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीचा. खवले माशाचे, मान वळणारी, आणि परात मनगटासारखा सांधा. म्हणजे जमिनीवर यायची गोष्ट एकदाच घडली नाही, निवटीने ती आपल्या पद्धतीने पुन्हा केली आहे. खाडीत भराव घालताना आपण पुरून टाकतो ते हे.

आपल्या बाजारात मिळणाऱ्या माशांत सगळ्यात जुनं घराणं कुठलं?

मुशी. शार्कांचं घराणं ४० कोटी वर्षांहून जुनं आहे. लाकडी बुंध्याची उंच झाडं पृथ्वीवर त्यानंतर आली. तिसऱ्या मासे नव्हेत, शिंपले, पण त्यांचं घराणं त्याहूनही आधीचं, सुमारे ५० कोटींचं. वेळासला किंवा आंजर्ल्याला वाळूतून निघून समुद्राकडे धावणारं कासवाचं पिल्लूही डायनासोरांच्या काळातल्या समुद्री कासवांचंच वंशज आहे.

माझं सांगणं हेच आहे. इथला दगड तुलनेने पोरसवदा. त्या दगडावर, त्याच्या कडेच्या पाण्यात जे जगतं ते त्याच्या कितीतरी आधीचं.

देवगांडूळ साप आहे का? मारावा का?

साप नाही, गांडूळही नाही, आणि मारायचा तर अजिबात नाही. तो बेडकांच्या वर्गातला, पाय नसलेला उभयचर. पावसाळ्यात ओल्या मातीत, दगडाखाली सापडतो, विषाची भीती नाही. आंबोलीतून २००३ साली त्याची एक नवी जात नोंदवली गेली.

गंमत अशी की आपल्या देवगांडुळांपैकी काहींचे जवळचे नातेवाईक हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर आहेत. उभयचराला खारं पाणी सोसत नाही, पोहत जाण्याचा प्रश्न नाही. उत्तर जमिनीत आहे. भारत, मादागास्कर आणि सेशेल्स एकाच भूखंडाचे तुकडे. मादागास्कर सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी सुटलं, सेशेल्स दख्खनच्या लाव्हाच्या सुमारास. त्या फाटण्याची एक कड म्हणजे आपला पश्चिम किनारा. कुटुंब वाटण्या होऊन दोन गावांना गेलं, तशी ही देवगांडुळं.

कोकण समुद्रातून वर आलं ना? परशुरामाची कथा?

कथेला कथेचा मान आहे. चिपळूणच्या परशुराम मंदिरात मीही जातो. दगडाचं म्हणणं एवढंच की जांभा जमिनीवरच तयार होतो, पाण्याखाली नाही, त्यामुळे आपले सडे फार काळ उघडी जमीन आहेत. समुद्र मात्र खरोखर मागे-पुढे झाला. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन कडाक्यात, समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होता आणि किनारा दूर पश्चिमेला. बर्फ वितळला तसा तो आत आला.

हरिहरेश्वर, वेळणेश्वर अशा ठिकाणी किनाऱ्यावर वाळू आणि शिंपल्या चुन्याने चिकटून झालेला दगड दिसतो, त्याला करळ म्हणतात. त्यात शिंपल्या मोजता येतात. अगदी कालचा दगड, काही हजार वर्षांचा.

कातळशिल्पांचा याच्याशी काय संबंध?

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर कोरलेली चित्रं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी. काही ठिकाणी गेंडा आणि पाणघोडा ओळखता येतात. ते आज इथे नाहीत. ज्याने कोरले त्याने ते पाहिले असणार, नाहीतर पाहिलेल्याकडून ऐकले असणार. बरीच शिल्पं दहा हजार वर्षांच्या आसपासची मानली जातात. रेल्वेच्या हिशेबात ते दीड मीटर, एक ढांग.

माणूस माकडापासून झाला का?

आजच्या माकडापासून नाही. चिंपांझीचे आणि आपले पूर्वज ६०-७० लाख वर्षांपूर्वी एकच होते. ठोकूरच्या आधी एक किलोमीटर.

विहीर खणताना कोळशासारखं लाकूड लागलं. काय करू?

आधी अभिनंदन. रत्नागिरी परिसरात जांभ्याचा थर भेदून खाली गेलं की काही ठिकाणी निळसर-करडी चिकणमाती लागते आणि तिच्यात काळं पडलेलं लाकूड, पानं, कधी राळेचे पिवळे खडे. हे लिग्नाइट, म्हणजे कच्चा कोळसा, मायोसीन काळातलं, म्हणजे सुमारे ५० लाख ते २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीचं, मानलं जातं. आजचा जांभा तयार होण्याआधी इथे दाट, दमट जंगल होतं, त्याचा हा पुरावा.

आमच्या शेजारच्या वाडीत अशी विहीर खणली गेली तेव्हा मी लहान होतो. बुंधा निघाला होता, साल ओळखू येत होती, कुऱ्हाडीने पातळ ढलपे निघत होते. दोन दिवस तो उन्हात पडला, तडकला, आणि मग चुलीत गेला. धूर फार झाला आणि वास गंधकासारखा आला, एवढंच सगळ्यांना आठवतं. किती खोलीवर निघाला हे कोणी लिहून ठेवलं नाही.

म्हणून, लागलं तर काम तासभर थांबवा. किती फुटांवर लागलं ते मोजा, वर जांभा किती, माती किती ते लिहा. शेजारी कोयता किंवा पट्टी ठेवून फोटो काढा. तुकडा ओल्या गोणपाटात आणि वर प्लास्टिकमध्ये गुंडाळा, सुकला तर त्याचा भुगा होतो. पान असेल तर मातीचं ढेकूळ फोडू नका, तसंच उचला. मग जवळच्या महाविद्यालयातल्या भूगर्भशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र विभागाला कळवा. आणि विहिरीत एकदम उतरू नका, अशा मातीत घातक वायू कोंडलेले असू शकतात.